पहिला मुक्काम ठाणे

विक्रोळीच्या माणसाने पूर्व समुद्रापर्यंतच्या प्रवासाला निघावे आणि पहिली रात्र ठाण्यात काढावी, ही गोष्ट कोणत्याही नकाशावर हास्यास्पदच दिसते. पहिल्या वर्षी मला तिचा राग आला. दुसऱ्या वर्षी अधिक आला. तिसऱ्या वर्षी मी त्या रागाचे दोन पानी टिपण केले. आज राग तेवढाच आहे. तो कोणाकोणावर करायचा ती यादी मात्र पार बदलली आहे.

आमची प्रयोगशाळा विक्रोळीत, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये आहे. हवेतली धूळ मोजणे हे तिचे काम. दरवर्षी दिवाळीनंतर एक गाडी गोराईच्या किनाऱ्यावरून निघते आणि देश आडवा कापत ओडिशाच्या किनाऱ्यापर्यंत जाते. वाटेत ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी, जमिनीपासून ठरलेल्या उंचीवर हवा खेचायची आणि तिच्यातली धूळ गाळणीवर धरायची, एवढेच. मी तिथे रुजू होण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू होते. अशा मोजणीत एकेका आकड्याला फारशी किंमत नसते. किंमत असते ती मागच्या सगळ्या वर्षांशी त्याची तुलना करता येण्याला. मी या सलग नोंदींवरच प्रबंध लिहायचा ठरवून आले होते, आणि तो लवकर लिहायचा ठरवून आले होते.

गाडी आणि यंत्रे ज्यांच्या ताब्यात होती त्यांना सगळे फोरमन म्हणत. त्याच कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. तो बंद झाल्यावर प्रयोगशाळेने त्यांना यंत्रे सांभाळायला घेतले, आणि निवृत्तीचे वय उलटल्यावरही वर्षावर्षाची मुदतवाढ देत ठेवून घेतले. मूळचे मालवणकडचे. कामात साधे मराठी बोलत. राग आला किंवा माया आली की मालवणीत शिरत. दोहोंपैकी नेमके काय आले आहे, हे ओळखायला मला दोन वर्षे लागली.

खुर्चीवर बसलेले मी त्यांना पाहिले नाही. पहिले यंत्र ज्या लाकडी खोक्यातून आले होते ते उपडे घालून त्यावर ते बसत. कारखान्याचा भोंगा बंद होऊन वर्षे लोटली होती, पण ठरलेल्या मिनिटाला ते मान वर करत, काहीतरी ऐकल्यासारखे थांबत आणि मग डबा उघडत. 'साधारण' हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. मी एकदा म्हणाले, "साधारण दोन तास लागतील." त्यांनी शांतपणे विचारले, "म्हणजे किती?" मी म्हणाले, "दोन." ते म्हणाले, "मग 'साधारण' कोणासाठी होतं?"

प्रवासाला जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी लाल रंगाचे कडे काढलेले असे. पान्यावर, पाण्याच्या कॅनवर, चहाच्या पातेल्यावर, हवा खेचणाऱ्या नळीवर. लाल कडे नसलेली वस्तू त्यांच्या हिशेबी गाडीत नसे, मग ती प्रत्यक्ष गाडीत पडलेली का असेना.

मला ते पहिल्या दिवसापासून 'डॉक्टरीण' म्हणत. प्रबंधाचे पहिले पानही झाले नव्हते, त्यामुळे हा शब्द मला झोंबत असे. मी एकदा तसे सांगितले. "मग लवकर हो ना," ते म्हणाले, "म्हणजे मी खोटारडा ठरणार नाही."

पहिल्या वर्षी आम्ही तिघे होतो: फोरमन, गाडीचे चालक आणि मी. पहाटे गोराईला किनाऱ्यावर यंत्र लावले, पहिली गाळणी भरली, घोडबंदरच्या रस्त्याने निघालो आणि जेवणाच्या वेळेआधीच ठाण्यात पोहोचलो. मला वाटले, चहाला थांबतो आहोत. गाडी कोपरीत एका चार मजली इमारतीपाशी उभी राहिली. चालकांनी बूट काढून चप्पल घातली. मी घड्याळ पाहिले आणि विचारले, "पुढे कधी निघायचं?"

"उद्या सकाळी सहाला," फोरमन म्हणाले.

"उद्या? संध्याकाळपर्यंत आपण नाशिकच्या पुढे असू."

"असू की. पण आज ठाणे."

तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या धाकट्या बहिणीचे घर होते. तिला सगळे आत्या म्हणत. आम्ही तिच्या घरात राहिलो असे म्हणणे मात्र चूक ठरेल. आम्ही तिच्या गच्चीवर राहिलो. खाली आयता गॅस असताना वर आमचा स्टोव्ह पेटला. चार पावलांवर नळ असताना आमच्या कॅनमधले पाणी वापरायचे. यंत्र लावायचे, ते गाडीच्या बॅटरीवर चालवायचे, उजेड आमच्याच कंदिलाचा. आत्या जिन्यात उभी राहून म्हणाली, "बघतेस ना गं? सख्ख्या बहिणीच्या घरी येतो आणि तिच्या नळाचं पाणी याला चालत नाही. शेजाऱ्यांना वाटतं, आमच्यात काहीतरी वाजलंय."

मग यादी. गच्चीवर चादर अंथरली गेली आणि सगळ्या सामानाबरोबर आमच्या वैयक्तिक पिशव्यांचीही पाळी आली. माझी पिशवी उघडताना फोरमन भिंतीकडे तोंड करून बसले आणि आत्याने ती पाहिली. एवढी सवलत मिळाली. ते यादीतली एकेक वस्तू मोठ्याने वाचत. "आहे" म्हटलेले चालत नसे. वस्तू हातात उचलून धरायची आणि म्हणायचे, "हातात आहे." भौतिकशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतलेली मी दुपारच्या उन्हात एका हातात पेचकस आणि दुसऱ्या हातात गाळण्यांचा डबा धरून प्राथमिक शाळेतल्या मुलीसारखी ओरडत होते. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी एक बाई काम सोडून पाहत उभी राहिली.

"स्वेटर," फोरमन म्हणाले.

स्वेटर नव्हता. तो मुलुंडला, माझ्या पलंगावर, घडी घालून ठेवलेला होता. त्या गच्चीवरून टोलनाक्यापलीकडच्या मुलुंडच्या इमारती दिसत होत्या. माझे घर तिथून रिक्षाने पंधरा मिनिटांवर होते.

"मी जाऊन येते," मी म्हणाले.

"नाही."

"पंधरा मिनिटं लागतील. साधा—" मी 'साधारण' गिळला. "पंधरा."

"रायपूरला आठवलं असतं तर जाऊन आली असतीस?"

"आपण रायपूरला नाही. ठाण्यात आहोत."

"म्हणूनच," ते म्हणाले. "वाटेत दुकानात घे, कोणाकडे माग. घराकडे जायचं नाही. निघालो म्हणजे निघालो."

तेवढ्यात आईचा फोन आला. मी सकाळी मोठ्या थाटात तिचा निरोप घेतला होता. ती दारात उभी राहून हात हलवत होती. "कुठवर पोचलात?" तिने विचारले. मी सांगितले. ती म्हणाली, "अगं मग जेवायलाच ये ना. भरली वांगी केलीयेत." मी तिला समजावू लागले की मला तशी परवानगी नाही, आणि समजावता समजावता माझ्या डोळ्यांत रागाने पाणी आले.

त्या संध्याकाळी मी यंत्राचे कापूस भरलेले आवरण पांघरून बसले. त्याला तेलाचा वास येत होता. फोरमननी एक जाड वही काढली. तिच्यात दोन रकाने होते. पहिल्याचा मथळा 'काय विसरले', दुसऱ्याचा 'त्यावाचून काय केले'. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिले: 'डॉक्टरणीचा स्वेटर', आणि समोर: 'यंत्राचे आवरण पांघरले.' मी दुसऱ्या दिवशी नाशिकला स्वेटर विकत घेतला, ही गोष्ट त्या वहीत नाही.

वही मात्र वाचण्यासारखी होती, हे मला तेव्हाही मान्य करावे लागले. 'चहाची गाळणी' – 'रुमाल'. 'कात्री' – 'विळी, शेजारीण, दुसरा मजला'. 'चालकाचा चष्मा' – 'मी मोठ्याने पाट्या वाचल्या, भुसावळपर्यंत'. दुसरा रकाना कधीच कोरा नसे. फोरमनचा तो नियम होता: काहीही विसरलेले चालेल, पण त्याचे काय केले ते लिहिल्याशिवाय ठाणे सोडायचे नाही. या साऱ्याचे सार ते मालवणीत सांगत: "घराकडे इसारलला ठाण्यात गावता. ठाण्यात इसारलला खंयच गावाचा नाय." म्हणजे घरी विसरलेले ठाण्यात सापडते, ठाण्यात विसरलेले मात्र कुठेच सापडणार नाही.

दुसऱ्या वर्षी मी काहीही विसरले नाही. दोन याद्या केल्या, त्या तीनदा तपासल्या, पिशवी आदल्या दिवशी भरली. ठाण्याच्या गच्चीवर मी प्रत्येक वस्तू इतक्या झटकन उचलली की चालक हसले. वहीत फोरमननी लिहिले, 'काही नाही.' मला तो माझा विजय वाटला, आणि उरलेला अर्धा दिवस वाया गेल्याची चीड अधिकच आली. त्या अर्ध्या दिवसात मला विदर्भात एक नवे ठिकाण जोडता आले असते. ते मी निवडलेले, माझ्या नावाचे ठिकाण झाले असते.

त्याच दिवशी आत्याच्या स्वयंपाकघरात, लसूण सोलता सोलता, तिने मला सांगितले की हे खूळ कुठून आले. त्यांची आई गावाहून मुंबईला यायची तेव्हा आदल्या दिवशी प्रस्थान ठेवायची. म्हणजे कापडाच्या तुकड्यात थोडे तांदूळ, सुपारी आणि अंगावरचे एखादे वस्त्र बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवायचे. मुहूर्त साधला जातो. माणूस घरातच असतो, पण निघालेला धरतात. "आमची आई मुहूर्ताचं नाव घ्यायची," आत्या म्हणाली, "पण खरं म्हणजे तिला भीती वाटायची गं. सात जणांचं सामान, बोटीचा प्रवास, बाबा मुंबईत. प्रस्थान ठेवलं की त्या दिवशी ती घरभर फिरून एकेक वस्तू आठवायची. एकदा दादाची शाळेची पाटी राहिली होती. शेजारणीच्या अंगणातून ती धावत परत आलेली मला आठवते. परत यायचं नसतं, पण आली. तेव्हापासून दादाला हे लागलं. हे तू त्याला बोलू नकोस हां. आईचं काही काढलेलं त्याला आवडत नाही."

मी बोलले नाही. मी लिहिले.

तिसऱ्या प्रवासाआधी संचालकांनी सर्वांकडून सुधारणा मागवल्या होत्या. मी माझ्या परीने उत्तम काम केले, असे मला वाटले होते. फोरमनकडूनच वही मागून घेतली. त्यांनी ती एक शब्दही न विचारता दिली. मी प्रत्येक मुक्कामाच्या नोंदी मोजल्या आणि आलेख काढला. सुरुवातीच्या पानांवर एकेका वर्षी दहा-बारा वस्तू विसरलेल्या, मग सहा-सात, मग दोन, आणि शेवटच्या पानांवर बहुतेक 'काही नाही'. निष्कर्ष डोळ्यांसमोर होता. ठाण्याच्या मुक्कामात आता काही सापडत नाही. सबब तो अनावश्यक आहे. टिपणाच्या शेवटी मी एक वाक्य घातले, आणि त्या वाक्याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता: 'हा मुक्काम वस्तुतः संबंधितांच्या मातोश्रींच्या प्रस्थान ठेवण्याच्या प्रथेचा अवशेष असून विज्ञानसंस्थेत त्याला स्थान असू नये.'

बैठकीत संचालकांनी नेमके तेच वाक्य मोठ्याने वाचले. वाचून हसले. टेबलाभोवतीचे सगळे हसले. कोणीतरी म्हणाले, "पुढच्या वर्षी गाडीला लिंबू-मिरची पण बांधू." फोरमन भिंतीपाशी उभे होते, कारण तिथे खोके नव्हते. मी त्यांच्याकडे पाहिले. ते भांडतील, निदान मालवणीत दोन शब्द सुनावतील, अशी माझी अपेक्षा होती आणि माझी उत्तरे तयार होती. त्यांनी फक्त टिपण मागून घेतले, आलेख बराच वेळ पाहिला आणि खाली लिहिले, 'आकडे बरोबर आहेत.' सही केली.

मुक्काम रद्द झाला. महिन्याभरात हेही कळले की फोरमनची मुदतवाढ झालेली नाही. प्रवासातले त्यांचे मुख्य काम म्हणजे पूर्वतपासणी. ती अनावश्यक आहे असे संस्थेच्याच शास्त्रज्ञाने दाखवून दिल्यावर माणूस कशाला, असा संचालकांचा युक्तिवाद होता. मी तसे काही सुचवले नव्हते. पण त्यांच्यासाठी मी निरोप समारंभ मागितला नाही की पत्र लिहिले नाही. मला विदर्भातले ठिकाण मिळाले होते. ते खोके शेडच्या कोपऱ्यात सरकवले गेले आणि त्यावर कोणीतरी प्रिंटर ठेवला.

तिसऱ्या वर्षी गाडीत चालक, माझी एक कनिष्ठ सहकारी आणि मी. आदल्या संध्याकाळी शेडमध्ये तिने यादी वाचली. "नळी?" तिने विचारले. मी गाडीत मागे डोकावले. एक नळी दिसली. मी म्हणाले, "आहे."

पहाटे गोराई झाले आणि ठाण्यावरून आम्ही न थांबता पुढे गेलो. उड्डाणपुलावरून कोपरीच्या इमारती दिसल्या तेव्हा चालकांनी गाडीचा वेग किंचित कमी केला आणि आरशातून माझ्याकडे पाहिले. मी फोनमध्ये पाहत राहिले. संध्याकाळी नाशिकच्या पुढे होतो, मी पहिल्या वर्षी सांगितले होते तसेच.

त्या प्रवासात मी फार आनंदात होते, हे नोंदवून ठेवणे भाग आहे. आकडे विलक्षण येत होते. प्रत्येक ठिकाणी धूळ मागच्या वर्षांपेक्षा जास्त. तीही थोडीथोडकी नाही, आणि सगळीकडे एकाच दिशेने. भुसावळला मला शंका आली होती, नागपूरला खात्री झाली, रायपूरला मी शोधनिबंधाचे शीर्षक ठरवले. सहकारी म्हणाली, "ताई, एवढी वाढ? सगळीकडेच?" मी तिला म्हणाले, "म्हणूनच तर महत्त्वाची."

ओडिशाच्या किनाऱ्यावर दरवर्षी एक छायाचित्र काढायचे असते: यंत्र, आणि शेजारी आमच्यापैकी कोणीतरी. फोरमननी पाडलेला हा प्रघात मी खर्चिक नसल्यामुळे चालू ठेवला होता. सहकारिणीने फोटो काढला आणि सहज मागच्या वर्षीचा शेजारी लावून पाहिला. दोन्हीत मीच उभी होते. मागच्या वर्षी नळीचे तोंड माझ्या डोक्याच्या वर चार बोटे होते. या वर्षी ते माझ्या कानापाशी होते.

आम्ही नळी काढून पाहिली. तिच्यावर लाल कडे नव्हते. ती दुसऱ्या, जुन्या यंत्राची होती. आमची नळी विक्रोळीला, भिंतीवरच्या खिळ्याला होती. जमिनीच्या जितके जवळ जावे तितकी धूळ जास्त. हे आम्ही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवतो. मी गोराईपासून दुसऱ्या समुद्रापर्यंत देशाची धूळ मोजत आले नव्हते. मी एका वीतभर आखूड नळीचे परिणाम मोजत आले होते. कितीतरी वर्षे अखंड चाललेल्या नोंदींत एक वर्ष आता कोरे राहणार होते, आणि ते माझे वर्ष होते.

परत आल्यावर मी वही पुन्हा उघडली. आलेख तोच होता, आकडे खरोखर बरोबर होते. विसरलेल्या वस्तू कमी होत होत शून्यावर आल्या होत्या, कारण ठाण्यात सगळे उलगडून पाहणारा माणूस बसलेला आहे हे प्रत्येकाला ठाऊक होते. दुसऱ्या वर्षी मी तीनदा तपासलेली पिशवी ही त्या मुक्कामाचीच करणी होती. ज्या औषधाने ताप उतरला ते औषध, आता ताप नाही या कारणाने, मी बंद करायला लावले होते. ही चूक आत्याने केली नसती. ती करायला सांख्यिकी शिकलेले असावे लागते.

मी विक्रोळीला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, दारापाशी एक लाकडी पेटी, तिच्यावर ते बसलेले. मी नळीचे सगळे सांगितले. त्यांनी मध्ये फक्त एकदा विचारले, "किती आखूड?" मी नेमका आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली. आणि मग, जिथे मी माफी मागायला हवी होती तिथे मी त्यांच्यावरच चिडले.

"तुम्हाला आलेख पाहताक्षणी कळलं होतं," मी म्हणाले. "माझा निष्कर्ष उलटा आहे हे तुम्हाला कळलं होतं की नाही?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत? दोन वाक्यांचं काम होतं. 'आकडे बरोबर आहेत' म्हणून सही कशी केलीत?"

"आकडे बरोबरच होते. माझंच अक्षर होतं ते."

"हे उत्तर नाही. तुमच्या गप्प बसण्यानं एक वर्ष गेलं. माझं एकटीचं नाही, सगळ्या कामाचं."

ते मालवणीत म्हणाले, "तेच्यात आयेचा नाव कित्याक घातलंस?"

टिपणातले ते शेवटचे वाक्य मला शब्दशः आठवत होते.

"मुक्कामावर बोललो असतो," ते म्हणाले. "तासभर भांडलो असतो तुझ्याशी, मजा आली असती. पण मी तोंड उघडलं असतं तर पुढचा प्रश्न तिच्यावर आला असता. सगळे हसत होते. थंय उबो रवान माका आयेवर बोलूचा नव्हता." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुला हे कोणी सांगितलं तेही मला ठाऊक आहे. ती अजून मला तोंड चुकवते."

चहा झाला. पाणी त्यांनी मोजून ओतले. ते मला काही वाईट बोलले नाहीत, त्यामुळे मला तिथून लवकर निघताही येईना.

संचालकांकडे मी लेखी कबुली दिली: नळी चुकीची नेली गेली, ती मी नेली, आणि ती चूक पकडणारी तपासणी माझ्याच सदोष शिफारशीमुळे बंद झाली होती. त्यांनी ते वाचून बाजूला ठेवले. "वाढ तर दिसते आहे ना?" ते म्हणाले. "नळीचा उल्लेख तळटीपेत करा. किंवा उंचीनुसार काहीतरी दुरुस्ती लावा. लोकांना वाढ हवी असते." मी म्हणाले की ते वर्ष नोंदींतून काढावे लागेल. ते म्हणाले, "तुमचा प्रबंध एक वर्ष मागे पडेल." मी म्हणाले, पडू दे. मी हे शौर्याने म्हणाले नाही. अतिशय चिडून म्हणाले. ते वर्ष काढले गेले. ठाण्याचा मुक्कामही परत ठेवायला त्यांनी संमती दिली, 'क्षेत्रपूर्व चाचणी' या नव्या नावाने. फोरमनबद्दल मात्र ते म्हणाले, "माणूस कशाला? यादी आहे ना तुमच्याकडे."

मी दोनदा पत्र दिले. दोनदा 'पाहू' असे उत्तर आले. मी फोरमनना म्हणाले, "ऑफिसचं सोडा, तुम्ही माझे पाहुणे म्हणून ठाण्याला या." ते म्हणाले, "पाहुणा पाने-पेचकस मोजीत नाय. ऑफिसाचा बोलावणा येऊ दे." मला त्यांच्या या ताठ्याचाही राग आला. बोलावणे येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होते.

या वर्षी आम्ही गोराईहून निघालो आणि जेवणाच्या वेळेआधी कोपरीला पोहोचलो. आत्याने दार उघडले, माझ्या खांद्यावरून मागे जिन्यात पाहिले आणि बाजूला झाली. गच्चीवर चादर अंथरली. यादी मी वाचली. सहकारी एकेक वस्तू उचलून म्हणत होती, "हातात आहे." समोरच्या गच्चीवरच्या बाईने या वेळी हातच केला. नळीपाशी मी थांबले, लाल कड्यावरून बोट फिरवले, आणि पुढे वाचत गेले. स्टोव्ह पेटला, यंत्र चालले, कॅन गळत नव्हता. यादी संपली. काही राहिले नव्हते.

सहकारिणीने वही पुढे केली. "काय लिहू ताई? 'काही नाही'?"

त्या गच्चीवरून विक्रोळी वीस मिनिटांवर आहे. एक रिक्षा केली असती तर मी संध्याकाळच्या आत त्यांच्या दारात उभी राहिले असते. पण निघालो म्हणजे निघालो. हा त्यांचाच नियम, आणि तो फक्त त्यांच्या आईने एकदा मोडला होता.

मी वही तिच्या हातातून घेतली आणि 'काय विसरले' या रकान्यात लिहिले: 'फोरमन.'

समोरचा रकाना कोरा ठेवून आम्ही सकाळी सहाला ठाणे सोडले.